शिकविणे आणि पढविणे

‘इण्डॉक्ट्रिनेशन’ या इंग्रजी शब्दास मराठीत कोणी ‘मतप्रसार’ म्हणतात, कोणी ‘मतारोपण’. दोन्ही प्रतिशब्द आम्हांस दुबळे वाटतात. मत प्रसृत करणे हा दोष नव्हे. कीर्तनकारही तेच करतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ तरी शिकविणे एवढाच. इंग्रजीतही हा शब्द दीर्घकाळ निर्दोष होता. त्याला काळिमा लागला तो विसाव्या शतकात.

आमच्या मते खरा प्रतिशब्द घरातच आहे: पढविणे. पोपट पढवितात, साक्षीदार पढवितात. पढविलेल्यास ‘हे मला पटत नाही’ असे म्हणण्याची मुभा नसते.

गोव्यात या इंग्रजी शब्दाचा एक सख्खा भाऊ नांदतो. पोर्तुगीज ‘दौत्रिना’ कोकणीत ‘दोतोर्न’ झाली. ख्रिस्ती शेजाऱ्यांची मुले दोतोर्न शिकतात, त्यात आक्षेपार्ह काही नाही. फादर स्टीफन्स यांचे 1616 साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ पाहा. मराठी ओवी, शंका विचारणारे श्रोते, उत्तर देणारा पाद्री-गुरू. उत्तरे आधीच ठरलेली आहेत हे खरे. परंतु वाचकास ग्रंथ मिटून ठेवता येतो, म्हणून त्यास आम्ही पढविणे म्हणणार नाही. (त्याची मराठी रसाळ आहे, हेही सांगून टाकावे.) याउलट 1559 च्या फर्मानाने पोरक्या हिंदू मुलांना जेझुइटांच्या हवाली करून बाप्तिस्मा व शिक्षण देण्याचे ठरविले. त्या पोरांना उठून कोठे जाता येणार होते? धर्मोपदेश तोच; पण येथे शिकविणे संपले. त्याच छळापायी बार्देशातील शांतादुर्गा स्थलांतर करीत धारगळास आली. पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते 1788 मध्ये, तेव्हा देवळे पाडण्याचा तो काळ सरला होता. म्हणून आमच्या महालास त्या फर्मानाची आठवण आहे ती आलेल्यांच्या तोंडची.

ही आठवण बाळगणाऱ्यांनी हा शब्द केवळ परक्यांवर फेकावा हे आम्हांस पटत नाही. हल्ली देवळांच्या सभामंडपांत बालसंस्कारवर्ग भरतात. ते भरावेत. परंतु एखाद्या मुलीने ‘हे असेच का?’ म्हटले, की ‘अशें विचारूं नये, देवाक राग येता’ असे उत्तर मिळते, तेव्हा ‘संस्कार’ हे नाव त्यास शोभत नाही. गीतेचा अठरावा अध्याय मुलांकडून घोकून घेतात. त्यातच श्रीकृष्ण अर्जुनास सांगतात, की या साऱ्याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. तो श्लोक मुलांना खडाखडा येतो. त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला आहे काय, हे एकदा वर्गात जाऊन विचारावे.