पाडकाम आणि तपास : नोरा रॉबर्ट्स यांची ‘ट्रिब्यूट’

नोरा रॉबर्ट्स यांची ‘ट्रिब्यूट’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती गुन्हेगार कोण हे कळावं म्हणून. दुसऱ्या वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल होती आणि खुणा झाल्या त्या भलत्याच जागी : कुठली भिंत पाडली, काय दुरुस्तीला पाठवलं, कोणाच्या हातात रंगाचा ब्रश आला. तेव्हा लक्षात आलं की या पुस्तकातला तपास पोलीस करतच नाहीत. तो घराच्या दुरुस्तीतून होतो.

दोनशेहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिकेवर दिवाळी अंकात शोधलेख कशाला, असं कोणी विचारील. ज्यांची पुस्तकं सर्वाधिक वाचली जातात त्यांच्याबद्दल आपल्या समीक्षेला सर्वात कमी माहिती असते, एवढंच माझं उत्तर आहे.

कथानक थोडक्यात असं. सिला मॅकगोवन ही एकेकाळची बालनटी. आई अभिनेत्री, आजी जॅनेट हार्डी तर दंतकथाच झालेली तारका. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात आजीचं शेतघर ओस पडलेलं आहे. तिथेच तीसेक वर्षांपूर्वी गोळ्या आणि दारूच्या अतिसेवनाने ती मेली. तो मृत्यू जगाने आत्महत्या म्हणून स्वीकारला. सिला ते घर आईकडून रीतसर विकत घेते आणि दुरुस्तीला लागते. माळ्यावर तिला आजीला आलेली निनावी प्रेमपत्रं सापडतात. मग हल्ले सुरू होतात, झालेलं काम कोणीतरी मोडून ठेवतं. शेजारी चित्रकथा लिहिणारा फोर्ड सॉयर राहतो. प्रेम त्याच्याशी जमणार हे वाचकाला पहिल्या भेटीतच समजतं.

हा साचा जुना आहे. एकटी बाई, मोठं घर आणि घराच्या पोटातलं गुपित. होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून तो चालत आला आहे. पण त्या परंपरेत गुपित उघड झालं की घराचा निकाल लागतो. ‘जेन एअर’मधलं थॉर्नफील्ड जळतं, ‘रेबेका’मधलं मँडरली जळतं, पोच्या कथेतलं अशर घराणं आणि त्यांचा वाडा एकदमच कोसळतो. पापाचं घर उभं राहू नये, अशी जणू अटच. रॉबर्ट्स ती अट मोडतात. त्यांच्या नायिकेला घरापासून सुटका नको आहे. तिला त्याची वायरिंग बदलायची आहे.

इथे लेखिकेचं चरित्र आठवल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे दुसरे पती ब्रूस वाइल्डर हे सुतार. पुस्तकांची शेल्फं करायला त्यांना बोलावलं होतं, तिथून ओळख झाली. मेरीलँडमधल्या बून्सबरोत या दांपत्याने एक जुनी इमारत दुरुस्त करायला घेतली. फेब्रुवारी २००८ मध्ये काम चालू असतानाच तिला आग लागली, आणि नव्याने सुरुवात करून २००९ मध्ये तिथे पाहुण्यांसाठी निवास उघडला. ‘ट्रिब्यूट’ २००८ च्या उन्हाळ्यातली. दोन्हींमध्ये कार्यकारण जोडण्याचा मोह मी टाळतो. मात्र पाडकामाची धूळ ओळखीची असलेला हात पानोपानी जाणवतो.

माझ्या मते कादंबरीचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे : काय काढायचं आणि काय ठेवायचं? सिला भिंती हलवते, पण आजीच्या स्वयंपाकघरातली जुनी उपकरणं मोडीत न काढता दुरुस्तीला धाडते. पत्रांचंही ती तेच करते. दंतकथेचा गिलावा खरवडते आणि खालची बाई शाबूत आहे का ते पाहते. जॅनेटचा मृत्यू आत्महत्याच असणार, असं लोकांनी मानलं, कारण दुःखी तारकेच्या गोष्टीत ते चपखल बसत होतं. बापलेकीचं नातंही असंच सांधतं. शिक्षक असलेले, दुरावलेले वडील येतात आणि खोल्या रंगवू लागतात. क्षमेची भाषणं होत नाहीत. प्रेमप्रसंगांपेक्षा ही पानं मला फार सरस वाटली. फोर्ड सिलावरून एक योद्धा नायिका रचतो. कॅमेऱ्याने जिला लहानपणी वापरलं तिला पुन्हा चित्रच व्हावं लागतं, यातली गंमत लेखिकेला पुरती दिसलेली नाही.

मराठी वाचकाला इथे महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ आठवेल. वडिलांच्या मृत्यूनंतर जमलेल्या देशपांडे कुटुंबाला वाडा पडताना दिसतो, पण सावरता येत नाही. पैसा नाही हे खरंच. शिवाय घर कोणा एकाचं नाही. प्रत्येक विटेला वाटेकरी. सिलाला मात्र एका खरेदीने सगळे अधिकार मिळतात. तिच्या आशावादाला त्या कागदाचा भक्कम पाया आहे. पुस्तक निघालं त्याच वर्षी अमेरिकेत कर्जापायी घरं जप्त होत होती. कादंबरीत घर जाण्याचं भय बँकेच्या नोटिशीतून कधीच येत नाही.

रहस्याचा उलगडा सफाईदार आहे, पण घाईचा. गुन्हेगार बोलू लागला की हातोडी-करवतीचं जग मागे पडतं आणि नेहमीचा झगडा उरतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे. सिलाची आई डिली हे घर विकून मोकळी होते. लेखिका तिला बहुतांशी आत्ममग्न आणि हास्यास्पद रंगवते. पण डिलीचा भाऊ जॉनी अपघातात गेला आणि नंतर आई याच घरात मेली. नातीने आजीला पाहिलेलंही नाही, म्हणून तिला तिथल्या भिंती प्रेमाने हाताळता येतात. मुलीला ते घर कसं दिसत असेल? साऱ्या खोल्या उघडणाऱ्या या कादंबरीत डिलीची खोली तेवढी बंद राहिली आहे.