फीडबॅक फॉर्ममध्ये रुग्ण कुठे आहे?



पिंपरी-चिंचवडकरांपुढे मोजमापावर बोलायचं म्हणजे आम्हाला जरा संकोचच वाटतो. तुमच्यातल्या अनेकांचं आयुष्यच मोजण्यात गेलेलं. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काय किंवा चाकणच्या प्लँटमध्ये काय, पार्ट तयार झाला की त्याला गेज लागतो. बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. आज आपण ज्या मोजमापाची चिकित्सा करणार आहोत, त्यात गेज नाही. तिथे विचारतात, ‘समाधान झालं का?’ विषय आहे वैद्यकीय शिक्षणातल्या अध्यापनाचा दर्जा.

विषय लांबचा नाही. पिंपरीत १९९६ पासून डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आहे. महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयातही पदव्युत्तर विद्यार्थी शिकतात. आमचा रोख कोणत्याही एका संस्थेवर नाही, पद्धतीवर आहे.

२०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची नवी चौकट आणली आणि तीत ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ आलं. सर्वसाधारण प्रश्नावलीत वीस प्रश्न पर्याय निवडण्याचे आणि शेवटी एक मोकळ्या सूचनांचा. अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, त्यांचं बोलणं समजतं का, असे ते प्रश्न. वाईट आहेत का? मुळीच नाहीत. विद्यार्थ्याला कुणी काही विचारतच नव्हतं, त्या काळापेक्षा हे शंभर पटींनी बरं. अडचण पुढे आहे. उत्तरांची सरासरी निघते आणि त्या आकड्यालाच आपण ‘अध्यापनाचा दर्जा’ म्हणू लागतो.

ही गफलत वैद्यकीय शिक्षणाने फार पूर्वी पाहिली आहे. १९७० साली अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित श्रोत्यांपुढे ‘डॉ. फॉक्स’ नावाच्या विद्वानाचं व्याख्यान झालं. विद्वान कसला, तो नट होता! आशय पोकळ आणि परस्परविरोधी, पण सादरीकरण झकास. श्रोत्यांनी त्याला उत्तम शेरे दिले. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. बरं, ते श्रोते काही कोवळी पोरं नव्हती, शिकलेसवरलेले व्यावसायिक होते.

आमचंच उदाहरण घ्या. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही नोट्स उतरवून दिल्या, त्या वर्षी विद्यार्थी खूश. पुढच्या वर्षी नोट्स बंद केल्या आणि वर्गात वाद घालायला लावले, तर कपाळाला आठ्या! आम्ही मात्र तेच होतो. प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ संवादात लहान मुलांच्या पंचांपुढे वैद्य आणि आचारी यांची स्पर्धा कल्पिली आहे. तिथे वैद्य हरणार हे उघडच आहे.

म्हणून विद्यार्थ्याला विचारूच नये का? इथे आमचं मत वेगळं आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण ते आप्ताचं. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो. या दोन कसोट्या फीडबॅक फॉर्मला लावून बघा. शिक्षकाचं ज्ञान किती खोल, हे पहिल्या वर्षाच्या मुलीला कसं कळणार? पण ‘तुम्ही रुग्ण तपासत असताना शिक्षक शेजारी उभे होते का? तुमची चूक दाखवून दिली का?’ हे तिला प्रत्यक्ष माहीत असतं. दुसरी कसोटी भीतीची. फॉर्म लॉगिन करून भरायचा आणि इंटर्नलचे मार्क त्याच सरांच्या हाती, असं असेल तर ‘आहे तसं’ कोण सांगणार? थोडक्यात, विद्यार्थी हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. आपण त्याला न्यायाधीश करतो आणि त्याची साक्ष मात्र घेत नाही.

२०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. ‘माहीत आहे’ इथपासून ‘स्वतंत्रपणे करतो’ इथपर्यंत पायऱ्या आल्या, लॉगबुक आलं. दिशा योग्यच आहे. पण लॉगबुकातली सही प्रत्यक्ष पाहून झाली की गठ्ठ्याने, हेही तो विद्यार्थीच सांगू शकतो. आणि विचारायची वेळ? साडेचार वर्षं संपून इंटर्नशिप सुरू झाली, रात्री कॅज्युअल्टीत एकटं उभं राहावं लागलं, की कुणी खरं शिकवलं होतं ते आठवतं. तेव्हा विचारा. वर्गात ज्यांचा राग यायचा, त्यांचं नावही कदाचित तेव्हा निघेल.

शेवटचा मुद्दा. प्रेसमध्ये बोटं सापडलेला कामगार रात्री दोन वाजता येतो. त्याची जखम कोण धुतं, कसं धुतं, त्याला काय समजावून सांगतं, यात त्या शिक्षणाचा निकाल लागत असतो. गेज तिथे आहे. पण समाधानाच्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी एकही रकाना नाही. ‘डॉक्टरांनी तुमचं ऐकून घेतलं का?’ एवढं तरी त्याला मराठीत विचारून, ते उत्तर शिक्षकांपर्यंत पोहोचवता येणार नाही का?

आमच्या या व्याख्यानालाही तुम्ही शेरे द्यालच. चांगले मिळाले, तर डॉ. फॉक्सची आठवण ठेवू.