राजाचे अडखळणे आणि मुक्यांचे मौन

एका राजाची जीभ अडखळली की साम्राज्य कासावीस होते. लक्षावधींच्या जिभा पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवल्या तरी तेच साम्राज्य स्वस्थ असते. असे का? ‘द किंग्ज स्पीच’ (२०१०) हा चित्रपट पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही. टॉम हूपर दिग्दर्शित ह्या चित्रपटाला २०११ मध्ये चार ऑस्कर मिळाले. पटकथाकार डेव्हिड साइडलर लहानपणी स्वतः तोतरे बोलत. त्यामुळे सहाव्या जॉर्जची घुसमट त्यांनी आतून ओळखली आहे आणि कॉलिन फर्थने ती खोट्या करुणेशिवाय उभी केली आहे. हे श्रेय दिलेच पाहिजे.

चित्रपटाचे मर्म मात्र राजात नाही, लायोनेल लोगमध्ये आहे. हा ऑस्ट्रेलियातून आलेला सामान्य माणूस. त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नाही. पहिल्या महायुद्धात वाचा गमावलेल्या सैनिकांबरोबर काम करून तो शिकला. राजपुत्राला तो ‘बर्टी’ म्हणतो. आपल्या खोलीत दोघेही बरोबरीचे, अशी अट घालतो. समोरचा माणूस आपल्याला बरोबरीने ऐकतो आहे, हा विश्वासच वाचा मोकळी करतो. आणि आर्चबिशप काय काढतो? लोगला पदवी नसल्याचे! अनुभवातून आलेल्या ज्ञानाला अधिकार विचारणारा हा पुरोहित आपल्या ओळखीचा आहे.

पण ही समता एका राजापाशीच थांबते. प्रत्यक्षात लोगचे उपचार १९२६ मध्ये सुरू झाले आणि ९ मे १९२७ रोजी कॅनबेरातील संसदभवनाच्या उद्घाटनाचे भाषण राजपुत्राने पार पाडले. चित्रपटाने उपचारांचा काळ पुढे ढकलला, कारण त्याला युद्धाच्या भाषणाचा कळस हवा होता. त्याच १९२७ च्या २० मार्चला, त्याच साम्राज्याच्या प्रजेला महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. पुढे ३ सप्टेंबर १९३९ रोजी राजा रेडिओवर बोलला. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. इथल्या लोकप्रतिनिधींना विचारलेसुद्धा नाही. एकाला वाचा फुटली ती कोट्यवधींना मुके धरून. ह्या बाजूला चित्रपट पाहत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. इथे राजाची वाचा सुधारायची नव्हती; मुक्यांच्या वाचेला राजा हात देत होता. हे मूक जन्माने मुके नव्हते. त्यांचे ऐकून घेणारे कोणी नव्हते. तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या ‘आक्रोश’मधला (१९८०) आदिवासी लहान्या भिकू आपल्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. त्याच्या जिभेत दोष नाही. न्यायालय कोणाचे आहे, हे त्याला ठाऊक आहे. असल्या मौनावर जिभेचे व्यायाम चालत नाहीत.

म्हणून हा चित्रपट आपण फुलचूरसारख्या गावात बसून तपासला पाहिजे. गोंदियाला लागून असलेल्या ह्या भागातले मूल घरची झाडीबोली, पोवारी किंवा हिंदी घेऊन शाळेत येते. प्रमाण मराठीत उत्तर देताना ते अडखळते, वर्ग हसतो आणि मास्तर ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतात. पुढे ते मूल हात वर करणेच सोडून देते. हे तोतरेपण कुणी घडवले? आपल्या सभांतही माईक ठरावीक हातांतच फिरतो. सतरंजीवर बसलेल्या बायांपर्यंत तो कितीदा पोचतो?

राजासाठी एक लोग पुरला. आपल्याला प्रत्येक वर्गात, प्रत्येक सभेत तो लागेल. मुलाला ‘नीट बोल’ असे सांगण्याआधी त्याच्या बोलीत, त्याच्या बरोबरीला बसून ऐकणारा शिक्षक आणि कार्यकर्ता घडवणे, हेच आज ‘मूकनायक’चे उरलेले काम आहे.