‘द नॅचरल’ कादंबरीतील तीन स्त्रिया

बर्नार्ड मॅलमूड (१९१४–१९८६) हे यहुदी जीवनाचे कथाकार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांची पहिली कादंबरी ‘द नॅचरल’ (१९५२) मात्र बेसबॉलवर आहे. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना या खेळाचे नियम ठाऊक नसले तरी अडत नाही. वीज पडलेल्या झाडाच्या लाकडाची बॅट घेऊन निघालेला रॉय हॉब्ज आणि या खेळात सर्वश्रेष्ठ होण्याची त्याची हाव, एवढे कळले की पुरे.

पहिली स्त्री हॅरिएट बर्ड. नाव मिळवण्यापलीकडे तुला काय साधायचे आहे, असे ती १९ वर्षांच्या रॉयला आगगाडीत विचारते. त्याच्याजवळ उत्तर नसते. पुढे शिकागोच्या हॉटेलात ती त्याच्यावर चांदीची गोळी झाडते. १९४९ साली शिकागोत एडी वेटकस या खेळाडूवर एका तरुणीने खरोखरच गोळी झाडली होती. मॅलमूड यांच्या कथेत मात्र अशी स्त्री नियतीची दूती होऊन येते.

दुसरी मेमो पॅरिस. ती मोह आहे, आणि नावाप्रमाणे मृत प्रियकराची स्मृतीही. हिच्यासाठी रॉय सामना हरण्याची लाच कबूल करतो. वाचकांना शमशोन व दलीला आठवतील. पण हे साम्य अर्धेच आहे. तेथे रुपे दलीलेला मिळाले. येथे सौदा खुद्द शमशोनच करतो. तेव्हा सारा दोष स्त्रीच्या माथी मारता येत नाही.

तिसरी आयरिस लेमन. एक नाव फुलाचे, दुसरे फळाचे. रॉयचा खेळ बिघडलेला असताना ती लाल पोशाखात प्रेक्षकांमध्ये एकटी उभी राहते, आणि त्याचा हात पुन्हा चालू लागतो. परंतु ती केवळ शुभचिन्ह नाही. कोवळ्या वयात फसलेली, एकटीने मुलगी वाढवलेली, ३३ व्या वर्षी आजी झालेली ही बाई दुःखातून शहाणपण शिकली आहे. रॉय मात्र ‘आजी’ हा शब्द ऐकताच दूर होतो. आमच्या मते कादंबरीचे मर्म येथेच आहे. रॉय स्त्रीमध्ये चिन्ह शोधतो, माणूस पाहत नाही. म्हणूनच तो हरतो.

लेखकाचीही एक उणीव सांगितली पाहिजे. हॅरिएट व मेमो यांना त्याने प्रतीक केले, पण मन दिले नाही. मेमोच्या शोकापाशी तो फारसा थांबत नाही. ज्या घरांत शब्बाथच्या संध्याकाळी ‘एशेत हायिल’ म्हटले जाते, तेथे स्त्रीची थोरवी तिने घेतलेल्या शेतावरून, कातलेल्या सुतावरून व रात्री न विझणाऱ्या दिव्यावरून ओळखतात. त्या मापाने पाहिले तर या तिघींपैकी एकटी आयरिस पुरी उतरते.

१९८४ च्या चित्रपटाने तर तिलाही बिघडवले. तेथे ती रॉयची बालमैत्रीण व त्याच्या मुलाची आई होते, शुभ्र वस्त्रांत प्रकाशात उभी राहते, आणि रॉय जिंकतो. आजीपण गेले, दुःख गेले, उरली देवदूत. कादंबरीत रॉय शेवटच्या चेंडूवर बाद होतो. तो कडू शेवटच आम्हांस खरा वाटतो. चित्रपट पाहिलेल्यांनी, विशेषतः आपल्या तरुण मुलामुलींनी, मूळ पुस्तक अवश्य वाचावे.