ओझे वाहणाऱ्यांचे युद्ध

युद्धाचा इतिहास सेनापतींचा असतो, हे इंग्रज इतिहासकारांनी दीर्घकाळ गृहीत धरले, आणि आपल्याकडच्या लेखकांनी ते निमूटपणे उचलले. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इंग्रज आणि जर्मन यांच्यात झालेल्या मोहिमेवरची जुनी पुस्तके पाहावीत. नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा येथे भारतातून नेलेल्या फौजेचा पराभव झाला. त्या लढाईत मधमाश्या कशा उठल्या, हे त्यांत चवीने सांगितलेले असते. जर्मन सेनापती लेटो-फोरबेक चार वर्षे हाती कसा लागला नाही, याचे कौतुक शत्रूच करतो. दारूगोळा आणि पीठ कोणी वाहिले, यासाठी मात्र एखाददुसरे पान.

त्सेत्से माशीमुळे त्या मुलखात घोडे आणि बैल टिकत नव्हते. म्हणून ओझे माणसाच्या डोक्यावर आले. इंग्रजांनी लाखो आफ्रिकी हमाल लावले, त्यांतले पुष्कळ जबरीने धरून आणलेले. सुमारे एक लाख मेले. बहुतेक गोळीने नव्हे, तर हगवणीने, तापाने, अपुऱ्या अन्नाने. नैरोबीतील करिओकोर आणि दार-एस-सलाममधील करिआकू ही वस्त्यांची नावे ‘कॅरिअर कोअर’ या शब्दांवरून पडली. त्या हमालांपैकी बहुतेकांची स्वतःची नावे मात्र कोठल्याही दगडावर नाहीत.

हे विस्मरण सहज घडलेले नाही. साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या कबरी सांभाळण्यासाठी १९१७ मध्ये आयोग स्थापन झाला. हुद्दा, वंश, धर्म यांवरून मृतांत भेद नाही, हे त्याचे तत्त्व. फ्रान्सच्या भूमीवर ते बव्हंशी पाळले गेले; आफ्रिकेत आणि मेसोपोटेमियात गुंडाळून ठेवले गेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली, हजारो भारतीय शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. त्याच आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केले की किमान एक लाख सोळा हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी!

नावे कोरणे अवघड होते, ही सबब आपल्यापुढे तरी चालणार नाही. कोरेगावच्या स्तंभावर १८२० च्या दशकात याच इंग्रजांनी ‘नाक’ प्रत्ययाची महार नावे कोरली आहेत. शंभर वर्षांपूर्वी जे जमले ते बसऱ्यात का जमू नये? लिहिणे न लिहिणे हा निर्णय असतो, आणि तो घेणाऱ्याचे हितसंबंध त्यात असतात.

पण हीच फूटपट्टी आपल्याही हातात आहे, हे म्हणायला हवे. पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे चौदा लाख माणसे भरती झाली. त्यांत साडेपाच लाखांहून अधिक लढवय्ये नव्हते: खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकी, झाडूवाले. लष्कराने त्यांच्यातही वरचे आणि खालचे असे थर पाडले होते. झाडूवाला आणि भिस्ती खालच्या थरात. हा थर कोठून आला, ते या वाचकांना समजावून सांगायला नको. राधिका सिंघा यांनी २०२० मध्ये या माणसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या सभांतून मात्र अजून बंदूकधारी पूर्वजच मिरवतो.

हा अभिमान खोटा नाही. १८९० च्या दशकात ‘लढवय्या जातीं’च्या सिद्धान्ताने महारांची भरती थांबली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये. भाकरीचा आणि माणूसपणाचा तो प्रश्न होता. पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला देण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती होती? पण सरकारने ‘तुम्ही लढवय्ये का?’ असे विचारले म्हणून उत्तर त्याच प्रश्नात द्यावे लागले. तो प्रश्न आपण आजही का वागवतो? युद्धाची गरज वाढली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली गेली. पुढचे महायुद्ध पेटल्यावर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी करावी लागली, तोवर वीस वर्षे महारांची पलटण कोणाला आठवली नव्हती.