शृंगाराला परमात्म्याची सोबत

सोलापूरहून विजयपूरकडे निघालं की वाटेत मंद्रूप लागतं. पुढे भीमा आणि भीमेपलीकडे कर्नाटक. बोलण्यात मराठी-कन्नड दोन्ही. एका अंगाला सिद्धरामेश्वरांचं सोलापूर, दुसऱ्या अंगाला याच भीमेवरचं पंढरपूर. शास्त्रीय नृत्यातल्या शृंगार-भक्तीवरच्या चर्चा पुण्या-मुंबईत झडतात. पण त्यातला पेच या पट्ट्यातून जास्त स्पष्ट दिसतो.

पेच असा. भरतनाट्यममध्ये पदम्, म्हणजे अभिनयाचं प्रेमगीत, सुरू होण्याआधी निवेदिका बजावते, नायिका म्हणजे जीवात्मा, नायक म्हणजे परमात्मा. इतका दाखला दिला की प्रेक्षक निर्धास्त होतात. पण सतराव्या शतकातल्या क्षेत्रय्याच्या तेलुगू पदांतली नायिका कधी कधी प्रियकराकडे रोख पैशाचा हिशेब मागते. तिथे जीवात्मा बसवायचा कुठे? 1936 मध्ये ‘कलाक्षेत्र’ उभारणाऱ्या रुक्मिणीदेवींनी असली पदं बाजूला ठेवली; देवदासी घराण्यातल्या बालासरस्वतींनी मात्र शृंगार हाच अभिनयाचा गाभा मानला. माझं मत बालासरस्वतींच्या बाजूचं. प्रेम नीट दाखवलं तर भक्ती त्यातूनच उमलते. आधी जाहीर केली की दोन्ही कोमेजतात.

यात मराठीचा वाटा कमी नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) नृत्यासाठी मराठी रचना केल्या, एकाच राग-तालात गुंफलेली निरूपणं. आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या, सुचेता भिडे-चापेकरांनी नाचून दाखवल्या. तरी आज मराठी मुलींच्या अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर सादरीकरणाला, तेलुगू-तमिळ पदंच असतात, अर्थ पाठ केलेला. मातृभाषेतली नायिका हाताशी असताना हे दारिद्र्य ओढवून घेतलेलं आहे.

कारण थोडं आपल्या भक्तीतही आहे. कन्नड संतकवयित्री अक्कमहादेवीने चेन्नमल्लिकार्जुनाला, म्हणजे शिवाला, उघडपणे पती म्हटलं. वारकऱ्यांचा विठ्ठल मात्र मुख्यतः माउली. त्याच्याशी लाडाकोडाचं, हट्टाचं नातं. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आणि संतांच्या गौळणी आहेत, पण त्या भजनात गायल्या जातात, नाचल्या क्वचितच. तमाशातल्या गौळणीत उरतो मथुरेचा बाजार, मावशीचा विनोद आणि वाट अडवणारा कृष्ण. ती टवाळी मला आवडते, पण विरह तिथे टिकत नाही.

शृंगार मग सगळा लावणीकडे गेला, आणि लावणी बदनाम झाली. सोलापूरचे शाहीर राम जोशी या वाटणीचे पहिले मोठे साक्षीदार. वेदविद्येच्या घरातला माणूस फडावर रमला. पुढे कवी मोरोपंतांच्या प्रभावाने कीर्तनाकडे वळला, असं परंपरा सांगते. 1947 च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. तेव्हापासून लावणी म्हणजे तरुणपणाची चूक आणि कीर्तन म्हणजे तिचं प्रायश्चित्त, असा हिशेब रूढ झाला. जोशींच्या रचना वाचणाऱ्याला तो पटत नाही: संस्कृत घोळवलेली, पंडिती खोड्या काढणारी त्यांची लावणी ऐन भरात असलेल्या बुद्धीची आहे.

बैठकीच्या लावणीत अदाकारी आहे. बसल्या जागी एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवायची, दर वेळी तिचा अर्थ डोळ्यांनी, मानेने, पदराच्या टोकाने बदलायचा. कथकमधली ठुमरीची अदा याहून वेगळं काय करते? लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांना 1975 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, पण नृत्यवर्गांच्या अभ्यासक्रमात ही अदा आली नाही. अकलूजच्या लावणी स्पर्धेने घुंगरांना मान दिला, गर्दीही दिली. पण मोठ्या मंचावर ठेका वाढतो, ओळ घोळवायला उसंत उरत नाही.

सोलापुरात भरतनाट्यम-कथक शिकणाऱ्या मुलींनी एका संध्याकाळी ज्ञानेश्वरांची विरहिणी, सरफोजीराजांचं निरूपण आणि राम जोशींची लावणी ओळीने करावी. निवेदिकेला त्या दिवशी सुट्टी द्यावी. लावणीची अदा शिकवायला सोलापूर जिल्ह्यातच मोडनिंबच्या कलावंत स्त्रिया आहेत. त्यांना गुरू म्हणून, गुरूच्या मानधनावर बोलवावं लागेल.