पुस्तिकेतला प्रतिपक्ष

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली, पण तोवर वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी दुसऱ्याच वर्षी पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून त्याला उत्तर दिले. पोथ्यापुराणांनी बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात, तोच पुरुषांत किती आहे ते दाखवतात आणि मग पुढचा घेतात. त्यांच्या मराठीत वऱ्हाडातल्या घराघरातले बोलणे आहे आणि राग कुठेही लपवलेला नाही. पण प्रत्येक आरोप आधी नीट मांडल्याशिवाय त्या खोडत नाहीत.

मराठी वैचारिक पुस्तिकेची ताकद मला याच सवयीत दिसते. विरोधकाला पानावर जागा देऊन ती त्याच्याशी भांडते. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त (१८७३) धोंडीबा प्रश्न विचारत राहतो. वाचकाच्या मनातली शंका त्याच्या तोंडून येते, त्यामुळे जोतीरावांना प्रत्येक पायरीवर थांबून उत्तर द्यावे लागते.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अध्यक्षीय भाषण झेपले नाही आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते इंग्रजी भाषण स्वखर्चाने छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची ‘हरिजन’मधली टीकाही छापली आणि सोबत आपले उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतःच्या खर्चाने वाचकापर्यंत पोहोचवणारा लेखक आज शोधून सापडत नाही.

अलीकडच्या काळात ही परंपरा गोविंद पानसरे यांनी पेलली. त्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका मुळात भाषण होती. वाक्ये आखूड आहेत आणि समोर श्रोते बसल्याचे भान पानोपानी जाणवते. रयत, शेतसारा, शत्रूच्या स्त्रियांशी वागणूक, सैन्यातले मुसलमान अशा एकेका मुद्द्यावर ते प्रचलित प्रतिमा तपासतात. शिवरायांवर प्रेम करणाऱ्या माणसालाच त्यांनी बोलायला बसवले, म्हणून ती अनेक भाषांत गेली. २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतरही ती हातोहात खपत राहिली.

लोकशिक्षणाच्या पुस्तिका वेगळ्या वाटेने जातात. आपोआप पेटणाऱ्या होमामागे पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन असते, हे चार ओळींत सांगून वाचकाला प्रयोगच करून बघायला लावणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे लेखन मला या प्रकारातले सर्वांत प्रामाणिक वाटते.

आज पुस्तिका मात्र उदंड झाल्या आहेत. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, साहित्य संमेलनाच्या स्टॉलवर त्या ढिगाने मिळतात, आणि ज्याला ग्रंथ परवडत नाही तो माणूस तिथे खिसा चाचपून दोन-तीन घेतो. ही वाचनाची भूक खरी आहे. तिला जे मिळते ते पुष्कळदा मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराची जुळवाजुळव असते. संदर्भ नसतो, कधी लेखकाचे नावही नसते, आणि विरोधक फक्त शिव्या खाण्यापुरता येतो. आधीच पटलेल्या माणसाला पुन्हा पटवण्यात बत्तीस पाने खर्ची पडतात. हे सगळ्या पक्षांच्या, सगळ्या छावण्यांच्या पुस्तिकांबद्दल म्हणावे लागते.

दोष समीक्षेचाही आहे. कादंबरीवर रकाने भरतात, पुस्तिकेवर कुणी चार ओळी लिहीत नाही, त्यामुळे वाईट लिहिणाऱ्याला टोकणारा कुणी उरत नाही. ग्रंथालयांतही त्या फारशा टिकत नाहीत. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली होती, तरी ताराबाईंची पुस्तिका विस्मृतीत गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा छापेपर्यंत जवळपास शतक उलटले. आज स्टॉलवर विकल्या जाणाऱ्यांपैकी कुठली पुस्तिका तितक्या मोलाची आहे, हे कळायचे असेल तर आधी कुणीतरी त्या जमवून, वाचून, त्यांची सूची करायला हवी. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे.